दादाचं लॉगिन

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, मला त्यानं फरक पडत नाही. पण यात पदरचं मी काहीही घातलेलं नाही.

गेल्या वर्षीची गोष्ट. रविवार. भर दुपार. दादाच्या घरातली मागची खोली.

माझं कम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. सतरा वर्षं हेच करतोय. भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना आजवर हसतच आलोय.

दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, जाऊन चार महिने झाले होते. बसल्या जागी गेला. मला रडू तेव्हाही आलं नाही, नंतरही नाही. दुकान उघडायचो, दुकान बंद करायचो. आत सगळं बधिर.

वहिनीचा फोन आला. ह्यांचं मशीन फार रखडतंय, जरा बघाल का म्हणाली. गेलो. दारातच तिनं बजावलं,

"भाऊजी, वेग वाढवा, पण ह्यांचं काही जाता कामा नये. एवढं एकच सांगते."

मी म्हटलं, काळजी सोडा.

दहा वर्षांचं जुनं धूड. सुरू व्हायलाच अकरा मिनिटं. दादाला शंभरदा सांगितलं होतं, हे भंगारात दे. तो म्हणायचा, तुझ्यापेक्षा तरी लवकर उठतं.

आधी त्याचे फोटो, पत्रं, सगळं दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतलं. मग डबा उघडला. पंख्यावर बोटभर धूळ. ब्रशनं काढली. कीबोर्ड सोडवून पलंगावर पालथा घातला, आतला कचरा पडावा म्हणून. मशीनबरोबर आपोआप उघडणारे डझनभर प्रोग्राम बंद केले. तात्पुरत्या फायलींचा ढीग उडवला. मशीन बंद करून परत सुरू केलं.

चार वाजले होते.

मशीन ढिम्म. डिस्क शंभर टक्के कामात. आणि मी तर काहीच उघडलेलं नव्हतं.

तेवढ्यात मागून...

कट्.

कीबोर्डची कळ. हा आवाज मी झोपेतही ओळखेन.

वळून बघितलं. कीबोर्ड पलंगावरच होता, पालथा. वायर खाली लोंबत होती, कशालाच न जोडलेली. खोलीत मी एकटा. वहिनी स्वयंपाकघरात होती, तिच्या भांड्यांचा आवाज येत होता.

बराच वेळ काही नाही. मग...

कट्.

मी पडद्याकडे वळलो. मशीन कोण कोण वापरतंय, ती यादी उघडली. दोन नावं होती. एक वहिनीचं, बिनपासवर्डचं. त्यातूनच मी नुसत्या माउसनं काम करत होतो.

दुसरं...

दादाचं.

त्याचा पासवर्ड कोणालाच माहीत नव्हता. मशीन सुरू होऊन पंधरा मिनिटंही झाली नव्हती. आणि तो लॉगिन होता.

भीती वाटायला हवी होती. वाटली नाही. गिऱ्हाइकाच्या मशीनवर करतो तेच केलं. त्याच्या नावावर गेलो आणि लॉगआउट दाबलं. सूचना आली... या व्यक्तीनं सेव्ह न केलेलं काम जाईल. पुढे जायचं का?

हात थांबला, खोटं कशाला बोलू. मग मनाची समजूत घातली, सेटिंगचा काहीतरी घोळ असणार.

'हो' दाबलं.

पलंगावरून कट् कट् कट् कट्... भराभर. घाईघाईनं.

मग एकदम बंद.

मशीन पळायला लागलं. परत सुरू करून बघितलं तर चाळीस सेकंद. वहिनीला हाक मारली. ती मशीनकडे गेलीच नाही. पलंगाशी कान देऊन उभी राहिली. बऱ्याच वेळानं म्हणाली, आज वाजत नाहीये.

मग तिनं सांगितलं. रोज चारला या खोलीतून कळा वाजायच्या. ती आत आली की पडद्यावर नुसतं दादाचं नाव असायचं. लोक वेड्यात काढतील म्हणून कोणाला बोलली नव्हती.

"मला नको होता वेग, भाऊजी. एकेका अक्षराला ह्यांना पाच-पाच मिनिटं लागायची. म्हटलं, तुम्ही साफ करून दिलंत तर ह्यांना सोपं जाईल."

त्या सूचनेचं मी तिला सांगितलं नाही.

आठवड्यानं तिनं परत बोलावलं. होतं तसं करून द्या म्हणाली. सतरा वर्षांत असं काम मला कोणी सांगितलं नव्हतं. बंद केलेलं सगळं चालू केलं, डिस्क काहीबाही भरून टाकली. मशीन पहिल्यासारखं रखडायला लागलं.

शेवटच्या त्या घाईत त्यानं काय लिहिलं असेल, कोणाला लिहिलं असेल, मला अजून कळलेलं नाही. दुकानात कोणी टाइप करायला लागलं की मी बाहेर जाऊन उभा राहतो.

परवा तिच्याकडे गेलो होतो. चार वाजून गेले होते. ती कीबोर्डपाशी हात मांडीवर घेऊन बसली होती. मी निघायला लागलो तशी म्हणाली,

"थांबा थोडं. ह्यांना वेळ लागतो."

थांबलो. सहा वाजेपर्यंत दोघं बसलो. काही वाजलं नाही.

मीच त्याला बाहेर काढलं, हे अगदी ओठांवर आलं होतं. चपला घातल्या आणि निघालो.