दीड एमएमची वायर

हारोच्या चौकात गाड्यांचं वायरिंग करणारा बाल्दोइतका जुना माणूस दुसरा नव्हता. पुरिंगची जीपनी, समोरासमोर दोन बाकांची लांबलचक प्रवासी जीप, सकाळपासून त्याच्या शेडमध्ये होती. जळालेली, ठोकून सरळ केलेली, नव्यानं रंगवलेली. टपावर दिवे, तीन भोंगे, आत पंखा. उद्या तपासणी होती. पास झाली तर पुरिंग मेलेल्या नवऱ्याच्या जागी बसून प्रवासी भरणार होती. नाही तर भंगारवाला टपलेलाच होता.

"मानोंग, अर्थला कुठली वायर घातलीत?" पुरिंगनं विचारलं. थोरल्या माणसाला तिकडे मानोंग, म्हणजे दादा, म्हणत.

"सहा एमएम. प्लसला तेवढीच. जेवढा करंट जातो तेवढाच परत यायचा असतो, पुरिंग."

हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. तरी या धंद्यातले हरामखोर गिऱ्हाइकाला दिसते तिथं, प्लसला, जाड नवीकोरी वायर ओढतात आणि अर्थला हाताला लागेल तो तुकडा पिळतात. बाल्दोनंही पिळला होता. दीड एमएमचा. याच गाडीत.

गेल्या वर्षी तो तुकडा डॅशबोर्डाखाली लाल झाला. पुरिंगच्या नवऱ्यानं, सेनिंगनं, अकरा प्रवासी बाहेर काढले आणि बारावी, एक म्हातारी, आत राहिली असं समजून पुन्हा आत शिरला, तो बाहेर आलाच नाही. म्हातारी मागच्या थांब्यावरच उतरली होती. लोक म्हणाले, प्यायला होता, पेटती सिगारेट पाडली. बाल्दो गप्प बसला. जळका तुकडा त्यानं चौकशीआधीच काढून बिस्किटांच्या डब्यात दडवला होता.

त्यानं नव्या अर्थवर बोट ठेवलं. कोमट.

सगळे दिवे बंद होते. त्यानं बॅटरीच्या दोन्ही तारा सोडल्या. तरी कोमट. तारेभोवती धरून करंट मोजणारा चिमटा मीटर लावला. प्लसवर शून्य. अर्थवर बारा अँपिअर.

मीटर बिघडला असेल. त्यानं दुसरा आणला. बारा.

दहा एमएम ओढली. मग बॅटरीची अंगठ्याएवढी केबल. ती आणखी तापली. शेवटी त्यानं बॉडीवरचा नट काढून टोक हवेत धरलं. कशालाच न जोडलेलं टोक.

बारा.

"काय झालं, मानोंग? घाम का फुटलाय?" पुरिंगनं ती केबल हातात घेतली. बराच वेळ सोडली नाही. "सेनिंगचा हात असाच असायचा. जाडाभरडा, तापलेला." ती कसनुशी हसली. "अख्ख्या चौकानं बेवडा ठरवला त्याला. मीसुद्धा. शवपेटीवर हात आपटून शिव्या घातल्या, माहितेय?"

बाल्दो उठला. त्यानं डबा आणून तिच्यासमोर उघडला.

"तो प्यायला नव्हता. अर्थला ही वायर मी घातली होती."

तिनं तुकड्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"हे मला एकटीला नका सांगू. चौकाला सांगा."

समोरच्या टपरीवर ड्रायव्हर बाचोयचं गरम शेवयांचं सूप ओरपत बसले होते. बाल्दो तुकडा उंच धरून त्यांच्यापुढे उभा राहिला आणि सगळं बोलला. एकाचा चमचा वाडग्यात पडला.

"वर्षभर आमच्यात बसून जेवलास रे, भडव्या!"

"हो," बाल्दो म्हणाला.

परत आला तेव्हा केबल थंडगार होती. मीटरवर शून्य. त्यानं सहा एमएम पुन्हा घातली, नट आवळला, बॅटरी जोडली. दिवे लखलखले. पुरिंग गाडी घेऊन निघाली.

वीस पावलांवर आवाज आला. टक, टक. उतरायचं असलं की प्रवासी नाण्यानं छताचा दांडा वाजवतात, तसा.

पुरिंगनं ब्रेक मारला.

मागच्या उघड्या दारातून बाल्दोला दोन्ही बाकं स्वच्छ दिसत होती. रिकामी.

मागची स्प्रिंग करकरली. गाडी बोटभर वर उचलली गेली.

पुरिंग थोडी थांबली, उतरणाऱ्यासाठी थांबतात तेवढी. मग गेली.

बाल्दो शेडच्या दारात उभा होता. त्याच्या मुठीतला जळका तुकडा कोमट होऊ लागला. चटका बसेल असा नाही. माणसाच्या हाताइतका.