उत्तरेस खुद्द मालकाचे घर

“जगात जमीन तेवढी खरी. ती मरत नाही, पळत नाही आणि उलटतपासणीत फुटत नाही,” असं त्र्यंबकराव वकिलांनी अमरावतीच्या बाररूममध्ये जाहीर केलं आणि ते बसले होते त्या खुर्चीचा पाय मोडला. खुर्ची भाड्याची निघाली. भरपाई त्यांनाच द्यावी लागली. पण खाली पडल्यामुळे त्यांचं मत काही बदललं नाही. उलट ते जमिनीच्या जरा जास्तच जवळ आले होते.

कापसाला तेजी होती. कोणी सट्टा खेळत होतं, कोणी सोनं घेत होतं. त्र्यंबकरावांनी जन्मभराची वकिली आणि गोदावरीबाईंच्या पाटल्या एकत्र करून अकोल्याला, मोर्णा नदीच्या अलीकडे कापसाच्या जिन-गिरण्यांच्या मागे, जागेचा एक लांबोडका तुकडा ठरवला. त्यावर खोल्या बांधायच्या, जिनातल्या मजुरांना भाड्यानं द्यायच्या आणि म्हातारपण त्या भाड्यावर काढायचं, असा बेत होता. पाटल्या काढून देताना गोदावरीबाई एवढंच म्हणाल्या, “एक घर होतं ते बरं होतं.”

कब्जा घेताना जागेच्या चारी बाजू फिरून चतुःसीमा मोठ्यानं सांगायच्या आणि खरेदीखत लिहिणाऱ्यानं त्या उतरवून घ्यायच्या, अशी रीत होती. पूर्वेस गल्ली, दक्षिणेस विहीर, पश्चिमेस जिनाची भिंत. उत्तरेला नुसतं पडीक रान, त्यात कापसाच्या झाडांच्या जुन्या पऱ्हाट्या. त्याचा मालक कोण, हे विकणाऱ्या गयासुद्दीनमियांनाही ठाऊक नव्हतं. गाडीच्या प्रवासानं त्र्यंबकराव आंबून गेले होते.

“उत्तरेस खुद्द मालकाचे घर,” ते म्हणाले. “लिहा. आज ना उद्या तेही आपणच घेणार.”

गयासुद्दीनमियांनी दाढीवरून हात फिरवला. “जे नाही ते काहून लिहून राहिले, वकीलसाब? चतुःसीमेत मजाक चालत नाही.”

“मिया, तुम्ही पैसे मोजून घ्या. भूगोल माझ्यावर सोडा.”

खोल्या उभ्या राहिल्या, भरल्या. मालक होण्यात एवढं चालणं असतं हे मात्र त्र्यंबकरावांना कोणी सांगितलं नव्हतं. शनिवारी कचेरी सुटली की बडनेऱ्याला गाडी बदलून अकोला. रविवारी गळकी कौलं, विहिरीवरची भांडणं, तुंबलेली मोरी. सोमवारी परत. घरी आले की मुकाट्यानं जेवायचे आणि भिंतीकडे तोंड करून झोपायचे. घरी त्यांचं येणं होई ते पाहुण्यासारखं, आणि पाहुण्याइतकंही बोलणं होत नसे.

अशातच एकदा वाढता वाढता गोदावरीबाई म्हणाल्या, “स्वयंपाकघराच्या दक्षिणेच्या भिंतीतून आवाज येतात.”

“उंदीर असतील.”

“उंदीर ‘मले नाही रायचं इथं’ म्हणतात का?”

त्र्यंबकरावांनी मीठ मागितलं.

पुढच्या रविवारी अकोल्याच्या उत्तरेकडच्या शेवटच्या खोलीतली मैनाबाई बोचकं बांधून दारातच उभी होती.

“वकीलसाहेब, मले नाही रायचं इथं. या भितीतून भांडे वाजतात. कोनी बाई सयपाक करते अन् नवऱ्याले वाढते.”

“भिंतीपलीकडे काय आहे, मैनाबाई?”

“पऱ्हाट्या.”

“मग?”

“मंग मी काय सांगून राहिली? पऱ्हाट्याईले कोनी पोया वाढत असते का?”

भाडं कमी करून घेण्याची ही एक नवी तऱ्हा म्हणून त्यांनी सोडून दिलं. पण मैनाबाई गेली, तिच्यानंतर आलेलं बिऱ्हाड गेलं, मग शेजारची खोली रिकामी झाली. दिवाळीपर्यंत सगळ्या खोल्यांना कुलपं लागली. जिनात मजूर मावत नव्हते, पण या खोल्यांत राहायला कोणी तयार नव्हतं. पाटल्या गेल्या होत्या आणि त्यांच्या मागोमाग म्हातारपणही निघालं होतं. तेव्हा भिंतीचा काय तो निकाल लावायचा, असं ठरवून त्र्यंबकराव एका रविवारी भर दुपारी त्या शेवटच्या खोलीत जाऊन बसले.

जिन बंद होतं. कवाडाच्या फटीतून कापसाचे तंतू तरंगत आत येत होते. त्यांनी डबा सोडला, उत्तरेच्या भिंतीला पाठ टेकली आणि घास तोंडात घातला.

आधी वास आला. हिंगाची फोडणी. डब्यात तर गार पिठलं होतं.

मग पाट सरकवल्याचा आवाज. एक पाय आखूड असलेला पाट फरशीवर जसा करकरतो, तसा. असा पाट त्यांनी जन्मभर पाहिला होता, कारण त्यावरच ते बसत.

“घ्या नं अजून एक पोळी.” आवाज गोदावरीबाईंचा होता. हात हलला तशी काचेच्या बांगड्यांवर काहीतरी जड आपटलं. सोन्याचं.

“पुरे,” एक पुरुष म्हणाला. थोडा खोकला. मग म्हणाला, “मीठ.”

त्र्यंबकरावांच्या हातातला घास हातातच राहिला. तो आवाज त्यांचा होता.

पलीकडे कोणीतरी काहीतरी हळूच बोललं आणि गोदावरीबाई हसल्या. ते हसू त्यांनी कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं.

त्यांनी दोन्ही मुठींनी भिंत बडवली.

पलीकडे शांत झालं.

“भाडेकरू पुन्हा भिंत वाजवून राहिले,” गोदावरीबाई म्हणाल्या.

“वाजवू दे,” तो घास चावत म्हणाला. “कंटाळून जातील.”

त्र्यंबकराव धावत खोलीमागे गेले. भिंतीला लागून वाळक्या पऱ्हाट्या होत्या. एक शेळी होती. तिनं त्यांच्याकडे पाहिलं आणि पुन्हा चरायला लागली.

बडनेऱ्याला गाडी बदलून ते अमरावतीला बुधवाऱ्यातल्या आपल्या घरी पोचले तेव्हा घरोघर दिवे लागत होते. ओट्यावर त्यांच्या वहाणा नीट जोडून ठेवल्या होत्या. त्यांनी आपल्या पायांकडे पाहिलं. त्याच वहाणा पायांतही होत्या.

त्यांनी कडी वाजवली.

गोदावरीबाईंनी दार अर्धं उघडलं आणि चटकन पदर डोक्यावरून पुढे ओढला. हातात पाटल्या होत्या.

“मी...” ते म्हणाले.

“अकोल्याच्या खोल्यांतले नं? हे आत्ताच पाटावर बसले. भाड्याचं बोलायचं तर जेवण होईस्तोवर ओट्यावर बसा.”

आत कोणीतरी खोकलं.

 त्र्यंबकरावांचे पाय फार दुखत होते. ते ओट्यावर बसले.

दार लावता लावता गोदावरीबाई थांबल्या.

“अन् एक सांगायचं होतं, भाऊ. भिंत तेवढी वाजवत जाऊ नका. फळीवरची लोणच्याची बरणी सरकते.”