उलट्या सायकलींचा तंबू

ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्यासोबत घडली आहे. कुणाला पटो न पटो.

गेल्या वर्षी थंडी नुकती ओसरली होती, तेव्हाची रात्र. तलावाकाठचं मोकळं माळरान. मी आणि माझा सख्खा थोरला भाऊ सायकलवरून मुक्कामाला गेलो होतो.

सामान दादाचं, डोंगर चढायचं. अगदी हलकं. तंबू म्हणजे नुसतं कापड. एरवी ते चालायच्या काठ्यांवर उभं राहायचं. पण सायकलवर काठ्या कुठे बांधत बसणार? दादाने डोकं लढवलं. दोन्ही सायकली उलट्या ठेवायच्या, चाकं वर. डोक्याकडे त्याची, पायाकडे माझी. मध्ये कापड ताणायचं.

"आणि एक सायकल काढली तर?"

"तर तंबू तुझ्या तोंडावर, ठोंब्या!" तो हसला.

वजन नको म्हणून दोघांत बॅटरीही एकच. ती त्याच्याकडे.

गाढ झोपलो होतो. आवाजाने जाग आली.

टिक… टिक… टिक…

मागचं चाक मोकळं फिरलं की वाजतं, तसं. डोक्याकडून.

"दादा, चाक कोण फिरवतंय?"

"झोप. वारा आहे."

आवाज दादाचाच. पण… कापड जराही हलत नव्हतं.

मी शेजारी हात नेला.

शेजारी कुणीच नव्हतं.

मग बोललं कोण?

तो आवाज बाहेरून आला होता… चाकाच्या बाजूने.

अंगावर सर्रकन काटा आला. बॅटरी चाचपली. नव्हती. दादाचं अंथरूणही नव्हतं. गुडघे पोटाशी घेऊन तसाच पडून राहिलो. चाक वाजतच होतं.

फटफटलं तसा पायाकडून बाहेर सरकलो.

दादाची सायकल नव्हती.

तरी त्या बाजूचं कापड ताठ उभं होतं. दोरी ताणलेली… आणि तिच्या टोकाला काहीच नाही.

माझ्या डोळ्यांदेखत ते कापड हळूहळू खाली आलं. पडलं नाही. कुणीतरी अलगद ठेवावं तसं खाली आलं.

सगळं तिथेच टाकलं, सायकल सरळ केली आणि जीव मुठीत धरून सुटलो.

घरी दादा स्वयंपाकघरात चहा पीत बसला होता.

"मला टाकून पळालास?" मी अक्षरशः रडत विचारलं.

"पळालो? अरे, चाक आपोआप फिरायला लागलं म्हणून तुला हलवून उठवलं ना! तूच म्हणालास, कापड राहू दे, चल. रस्ताभर तुझी सायकल माझ्या मागे वाजत होती."

"एकदा तरी वळून पाहिलंस?"

त्याने कप खाली ठेवला.

"पाहिलं. पुलावर."

"कोण होतं?"

तो कप विसळायला उठला. माझ्याकडे बघेचना.

मागे काय होतं, हे त्याने आजवर सांगितलेलं नाही. अजूनही कुठे सायकलचं चाक वाजलं की माझी झोप उडते. पण त्या आवाजाहून जास्त दादा सलतो. घात केला त्याने माझा. मागे मी नाही, हे त्याला पुलावरच कळलं होतं.

पूल तलावापासून हाकेच्या अंतरावर आहे.

त्याने हाक मारली नाही.