वहीतलं ‘आले’

“ढकल! अजून जोरात!” ताई ओरडली.

सबस्टेशनचं दार वाऱ्यानं इतकं दाबून धरलं होतं, की तिघांचा जोर लागला तेव्हा कुठे ते किलकिलं झालं.

सुट्टीत मामाकडे येताना काय काय बेत केले होते! टेकडी चढायची, तळं गाठायचं... आणि आता वादळाचा तिसरा दिवस. पत्रे उडाले, झाडं आडवी झाली, वीज गेली, फोनही मुका झाला. थंडी तर हाडात शिरलेली. ताई, तिचा भाऊ शंकासुर (ऊठसूट शंका काढणाऱ्याला दुसरं काय म्हणणार?) आणि धाकटी चिमी, तिघंही हसायचं विसरली होती.

मामा वायरमन. सकाळीच जोडीदाराला घेऊन तो टेकडीवरची तुटलेली तार जोडायला गेला होता. त्याचा कोरडा स्वेटर देऊन मामीनं मुलांना अंगणापलीकडच्या सबस्टेशनवर पिटाळलं होतं.

आत नुकताच पाळीवर आलेला ऑपरेटर उभा होता. त्याचा हात खटक्यावर होता.

“मामा कुठेय?” ताईनं विचारलं.

“घरी गेला असेल. वहीत लिहिलंय, ‘तीन वाजता वायरमन आले.’ सरका, लाइन चालू करतोय. दवाखान्यात तान्ही बाळं गारठलीत!”

“पण तो घरी आलाच नाही!”

“आलं चहात घालतात ना?” चिमीनं विचारलं. कुणीही हसलं नाही.

शंकासुर भिंतीकडे बघत होता. “गेले दोघं, मग खुंटीला हेल्मेट एकच कसं?”

“अरे शहाण्या, एकटा आला असता तर ‘आला’ लिहिलं असतं! ‘आले’ म्हणजे दोघं आले.”

“आमची मामीसुद्धा रोज विचारते, ‘हे आले का?’ मामा तर एकच आहे!” शंकासुर म्हणाला.

ऑपरेटरचा हात खाली आला. “म्हणजे एकजण अजून खांबावरच...” त्यानं खटक्याला कुलूप घातलं, किल्ली ताईच्या हातात दिली आणि तो खटक्यापाशीच बसून राहिला.

मग नुसती वाट बघणं. टेकडी पावसात दिसेनाशी झाली होती. ताईला वाटत होतं, खटका दाबला नाही म्हणून काय झालं? या वाऱ्यात खांबावर माणूस टिकेल तरी कसा? ती किल्ली मुठीत आवळून रडत राहिली.

दिवस मावळताना जीप आली. पहिल्या पाळीच्या ऑपरेटरनं मामाला धरून आत आणलं. जोडीदाराच्या खांद्यावर फांदी कोसळली होती. तो कसाबसा इथवर आला, तेव्हा वहीत घाईघाईनं एक ओळ खरडून हा ऑपरेटर त्याला दवाखान्यात घेऊन गेला होता. मामा एकटाच खांबावर राहिला होता.

“तार पुन्हा तुटली,” मामा पुटपुटला. “चार ठिकाणी. आज काही वीज येत नाही.”

सगळं ऐकून पहिला ऑपरेटर खजील झाला. “शाब्बास रे पोरांनो! माझ्या एका शब्दापायी...”

शंकासुराला त्या शाब्बासकीचा जराही आनंद झाला नाही. बाहेर वारा तसाच घोंघावत होता. ताईनं स्वेटर पुढे केला, पण मामाची बोटं आखडली होती. ओल्या कोटाचं बटण काही निघेना. तेव्हा खटक्यापाशी बसलेला ऑपरेटर उठला.  मामापुढे गुडघे टेकून तो एकेक बटण काढू लागला.