मोहनसाठी घेतलेला सुरा

निहार, तो लॅपटॉप मिट जरा. मघापासून बघतोय, रानडुकराच्या शिकारीला कुठला सुरा न्यावा याचे व्हिडिओ चाललेत तुझे. परवान्याची परीक्षा अजून द्यायची आहे, आणि नवरदेवाची कट्यार आधी. घे की, माझी ना नाही. फक्त आमच्या सुधीरने घेतलेल्या सुऱ्याचं काय झालं ते ऐक आणि मग ठरव. ज्ञानदा, तूही बस. चहा होईल मागाहून.

सुधीर जर्मनीत आल्यापासून माझ्या वरच्या मजल्यावर राहायचा, इथेच, कायझर्सलाउटर्नमध्ये. पुण्याचा, सॉफ्टवेअरवाला. बायको मालिनी, आणि त्या वर्षी सहा महिन्यांसाठी आलेली आई, यमुनाकाकू. मोहन हा त्याचा ऑफिसातला मित्र. मोहनकडे परवाना होता, बंदूक होती आणि ब्रुनो नावाचा डाकेल कुत्रा होता. कुत्रा आखूड पायांचा, पण डुकरामागे काट्यांत बेधडक शिरणारा. सुधीरचा अजून अभ्यासच चालला होता. म्हणून दोघांनी ठरवलं, की मोहनने बंदूक धरायची आणि सुधीरने त्याच्या मागे सुरा घेऊन राहायचं.

बंदूक असताना सुरा कशाला, असं विचारशील. जखमी डुक्कर झुडपात दबून बसतं. कुत्रा त्याला जाऊन झोंबतो, माणूस जवळ गेला की ते माणसावर येतं. तिघांचा गुंता झाला की गोळी घालता येत नाही. तिथे मागच्या माणसाचा सुराच कामाला येतो. दहा वर्षांत एकदा लागतो म्हणतात. पण त्या एका वेळी नसला, तर माणूस हातचा जातो.

सुधीरने तो निवडायला तीन शनिवार घातले. मी एकदा बरोबर गेलो होतो. दुकानदार म्हातारा, मोजकं बोलणारा. सुधीरला आधी केशरी मुठीचा घडीचा चाकू आवडला, गवतात पडला तरी दिसेल म्हणून. म्हातारा म्हणाला, "उघडायला दोन हात लागतात. तुमचा एक हात डुकरावर असणार." मग शिंगाच्या मुठीचा एक, फार देखणा. "रक्ताने हात ओला झाला की घसरतो. आपलीच बोटं पात्यावर." शेवटी त्याने काळ्या रबरी मुठीचा एक काढला. पातं वीतभराहून लांब, आणि मुठीच्या पुढे हात अडायला आडवी पट्टी.

"दिसायला काहीच नाही हा," सुधीर म्हणाला.

"गेनाऊ," म्हातारा म्हणाला. "बरोबर बोललात. भिंतीवर लावायचा नाहीये. घेताना एवढंच डोळ्यांपुढे आणा, की डुकराखाली कोण पडलेलं असेल."

सुधीरच्या डोळ्यांपुढे मोहन आला. घरी येताना गाडीत त्याने मला तसं सांगितलं. तो सुरा त्याने घेतला, आणि निवड अगदी चोख होती. त्यात मला आजही खोट काढता येत नाही.

मग आला अकरा ऑक्टोबर दोन हजार चोवीस. शुक्रवार. खंडेनवमी. यमुनाकाकूंनी पाटावर सगळं मांडलं होतं. विळी, कात्री, सुधीरचा लॅपटॉप, स्क्रू ड्रायव्हर, आणि मधोमध हा नवा सुरा. त्याला हळदकुंकू, वर शेवंतीचं फूल. सहाला दहा कमी असताना मोहनचा फोन आला. ओटरबर्गच्या पुढे एका शेतकऱ्याने मका कापायला घेतलाय, आत डुकरं आहेत, लगेच निघ.

सुधीर पाटाकडे वाकला.

"अरे, पूजेला मांडलेलं शस्त्र आज हलवत नाहीत," यमुनाकाकू म्हणाल्या. "उद्या दसऱ्याला उचल."

"आई, मोहन थांबलाय."

"मग जा ना. त्याच्याकडे बंदूक आहे की. एका दिवसाने काय बिघडतंय?"

सुधीरला सणाच्या दिवशी आईशी वाद नको होता. शिवाय तोवर एकदाही सुरा लागला नव्हता. तो तसाच निघाला. मी त्याला दोष देत नाही हं. मीही तसाच निघालो असतो.

सहा पंचवीसला पुन्हा मोहन. त्याची गोळी लागली होती, पण डुक्कर मेलं नव्हतं. ते काटेरी झुडपात शिरलं आणि ब्रुनो पट्टा तोडून त्याच्या मागे.

"सुरा घेतलायस ना?" मोहनने विचारलं.

"हो रे."

"किती वेळ लागेल?"

"पाच मिनिटांत पोचतोच."

कुठे होता सुधीर तेव्हा? गावातल्या सिग्नलला. कपडे-बूट करून निघायलाच सव्वासहा झाले होते, आणि पुढे शुक्रवारची ही रांग. आपली पाच मिनिटं कशी असतात ते तुम्हाला माहीत आहे, हसू नकोस निहार. आपण समोरच्याला बरं वाटावं म्हणून म्हणतो. पण मोहन इथे अकरा वर्षं राहिलेला. त्याला ती खरंच पाच मिनिटं वाटली. मागून सुरा येतोय या भरवशावर तो कुत्र्यासाठी झुडपात शिरला.

सुधीर सातला, सात-पाचला पोचला. अंधारून आलं होतं. अर्धा चंद्र. मका कापायचं यंत्र शेतात तसंच उभं, दिवे बंद. टेकाडापलीकडे निळा दिवा फिरत होता. पलीकडच्या रस्त्यावर काही अपघात असेल असं त्याला वाटलं.

ब्रुनो वाटेच्या कडेला बसला होता. फाटलेला कान, अंग थरथरत होतं. सुधीरने बोलावलं तर आला नाही. शेताकडे बघून गुरगुरत राहिला.

तिकडे मोहन उभा होता. पाठमोरा. अंगात त्याचं ते केशरी जाकीट. सुधीरच्या जिवात जीव आला. त्याने हाक मारली.

मोहन वळला नाही. चालायला लागला.

सुधीर मागे. मक्याची कापलेली खुंटं पायाखाली मोडत होती. कड... कड... वीसएक पावलं गेल्यावर त्याच्या ध्यानात आलं. आवाज एकाच्याच पायांचा होता. त्याच्या स्वतःच्या.

"सुरा आणलास?"

मोहनचाच आवाज. मान न वळवता.

सुधीरने काय म्हणावं? तोंडून तेच गेलं.

"हो."

पुन्हा चालणं. पुढे झुडपांची काळी रांग. वारा नाही. आणि खिशातला फोन वाजला. ज्याच्या हद्दीत ही शिकार चालायची, तो म्हातारा केसलर. रडत होता. जर्मन माणूस, सत्तरीचा... रडत होता. "तू कुठे आहेस? आम्ही पलीकडे ॲम्ब्युलन्सपाशी आहोत. मोहन गेला. मांडीची शीर फाटली. सहा चाळीसला गेला."

सुधीरने फोन कानापासून काढला नाही.

पुढे दहा पावलांवर मोहन थांबला होता.

पाठमोराच.

उजवा हात मागे केलेला. तळवा उघडा.

वाट बघत होता.

...

"नाहीये माझ्याकडे," सुधीर म्हणाला.

हात तसाच.

"मोहन... घरी राहिला रे."

मग तो हात खाली गेला. सावकाश. आणि शेतात सुधीर एकटा होता.

पोलिसांचं सगळं आटपून तो पावणेबाराला परत आला. मालिनीचा फोन आला होता, म्हणून मी खाली दारातच थांबलो होतो. त्याच्याने पायऱ्या चढवेनात. मी दंडाला धरून त्याला वर नेलं. हे लक्षात ठेवा, मी स्वतः नेलं, दिवा लावून, एकेक पायरी बघत. जिना स्वच्छ होता.

यमुनाकाकू जाग्या होत्या. त्यांना कुणी काहीच सांगितलं नव्हतं. मालिनीचा धीर झाला नव्हता. त्या आपल्या सहज म्हणाल्या, "मोहन भेटला का रे? येऊन गेला इथे."

सुधीर खाली बसला.

"कधी?" मी विचारलं.

"सातला दहा कमी होती. दिवा लावत होते देवाजवळ. मालिनी आंघोळीला गेली होती. दार उघडलं तर हा. बोलला काही नाही, नुसता हात पुढे केला. मी म्हटलं, सुरा ना? आज नाही द्यायचा बाबा. उद्या ये."

सातला दहा कमी. म्हणजे मोहनचा जीव जाऊन दहा मिनिटं झाली होती. आणि ते शेत इथून चौदा किलोमीटर.

मोहनची बायको उर्जा, तिला आजही वाटतं की सुधीर सुरा घेऊन धावत होता, फक्त उशीर झाला. सुधीरने तिला खरं सांगितलं नाही. कधी सांगेल असं वाटत नाही. तुम्हीही कुठे बोलू नका. आता तो माझ्याशीही बोलत नाही. नोकरी सोडली, पुण्याला गेला. तिथेही संध्याकाळ झाली की कुणी पाठ करून पुढे उभं राहिलेलं त्याला चालत नाही, असं मालिनी सांगते. डॉक्टर झाले, शांती झाली. काही उपयोग नाही. कशाचा उपयोग होणार? त्या पाच मिनिटांना कुठे औषध आहे?

पण मी सांगत होतो ते दुसऱ्या दिवसाचं. दसऱ्याचं. सकाळी साडेसहाला मी ब्रेड आणायला दार उघडलं. वरचं दार रात्रभर बंद होतं, कडी आतून. सुरा पाटावरच होता, फूलसुद्धा हललेलं नव्हतं. हे मी नंतर जाऊन पाहिलं.

आधी पाहिला तो जिना. पायऱ्यांवर चिखल. ओला. जाड तळाच्या बुटांची पावलं, मध्ये मक्याच्या पानांचे तुकडे. तळमजल्यापासून माझ्या दारावरून वर, सुधीरच्या पायपुसण्यापर्यंत. मी वाकून दोनदा बघितली, खालपासून वर आणि वरून खाली. सगळी वर जाणारी होती. उतरणारं एकही पाऊल नव्हतं.