पाठीवरचे चौकोन

"चांदीनं कोनाची चामडी जळते काय, डॉक्टरसाहेब?" दुर्गाबाईंनी विचारलं, आणि मांडीचं हाड मोडून खाटेवर पडलेल्या सुनेनं, जमुनेनं, डोळे मिटून घेतले.

शिडीवरून पडलेल्या जमुनेला चांदूर रेल्वेहून अमरावतीच्या या दवाखान्यात आणलं होतं. हाड जोडायला पोलादी पट्टी बसवायची होती. पण गेल्या साली अकोल्याच्या एका माणसाची नीट जुळलेली मांडी अशाच पट्टीनं चिघळली होती. पोलादातलं निकेल त्याच्या अंगाला सोसलं नव्हतं. तेव्हापासून डॉक्टर प्रत्येकाला विचारत, कुठल्या दागिन्यानं कधी खाज सुटली होती का? वेदनेच्या गुंगीत जमुना बोलून गेली होती... जोडव्यांनी.

दुर्गाबाईंना तो घाव नवा नव्हता. स्वतःचा तोडा मोडून त्यांनी सुनेसाठी चांदीची जोडवी घडवली होती, आणि लेकीचं, आशाचं, लग्न पार पडल्यावर महिन्याभरात सुनेनं ती पायांतून काढून टाकली! तेव्हापासून जमुना 'उघड्या पायाची' झाली. हळदीकुंकवाला तिला मागं बसवायचं, नव्या नवरीची ओटी तिच्या हातून भरू द्यायची नाही... आणि जमुनेनं वर्षानुवर्षं ते सगळं मुकाट्यानं गिळलं होतं.

कारण ती जोडवी तिची उरलीच नव्हती. लग्नाच्या सकाळी आशाची जोडवी विहिरीत पडली होती. मोठा अपशकुन! रडून पांढऱ्या पडलेल्या त्या पोरीच्या पायांत जमुनेनं आपली जोडवी चढवली, आणि आईला सांगणार नाही अशी शपथ घेतली. पुढं अकोल्याच्या बाजारातून तशीच दिसणारी जोडवी तिनं घेतली, तर बोटं फोडांनी चिघळली, आणि तीही काढावी लागली. आशाची कूस अजून रिकामी होती. आत्याबाईंना, म्हणजे सासूला, हे कळलं, तर त्या सगळा दोष त्या अपशकुनावर आणि आशावर टाकतील... त्यापेक्षा बसू दे ती पट्टी, चिघळू दे पाय!

पण डॉक्टरांनी तर्कावर काही सोडलं नाही. कॉलेजच्या प्रयोगशाळेतून त्यांनी क्षार आणवले. निकेलचा हिरवा, कोबाल्टचा गुलाबी, क्रोमियमचा नारिंगी. त्यांच्या पातळ पाण्यात भिजवलेले कापडाचे चौकोनी तुकडे आणि एक नुसत्या पाण्याचा, असे जमुनेच्या पाठीवर चिकटपट्टीनं लावले.

"चांदीचंबी पाहा ना," दुर्गाबाई म्हणाल्या, आणि मोडलेल्या तोड्याचा उरलेला तुकडा त्यांनी कमरेच्या पिशवीतून काढून दिला. सुनेचं खोटं आज उघडं पडेल, याची त्यांना खात्री होती.

दोन दिवसांनी चिकटपट्ट्या निघाल्या तेव्हा दुर्गाबाई उशाशी होत्या, आणि अकोल्याहून वहिनीच्या मदतीला आलेली आशा पायथ्याशी. पाण्याची जागा कोरी होती. गुलाबी कोरी, नारिंगी कोरी. चांदीखालची कातडी तर लहान मुलासारखी नितळ होती. आणि हिरव्या पाण्याच्या जागी लाल, फुललेला, बारीक फोडांचा चौकोन उमटला होता. कडा अगदी सरळ, जणू कोणी आतून रेघ ओढून दिली होती.

दुर्गाबाई वाकून पाहत राहिल्या. जिभेनं एवढी वर्षं जे झाकलं होतं, ते या मुक्या कातडीनं न विचारता सांगितलं होतं!

"पोलाद नको," डॉक्टर म्हणाले, "मुंबईहून कोबाल्ट-क्रोमियमची पट्टी मागवू." मग त्यांनी सहज सांगितलं की ती जोडवी जर्मन सिल्व्हरची असणार, त्याच्या नावात चांदी असते, आत निकेल.

"मंग मायी चांदी कोठं गेली?" दुर्गाबाईंचा आवाज एकदम खाली आला.

आशानं लुगड्याचा काठ वर घेतला. "माया पायांत हाय, आई," ती म्हणाली, आणि विहिरीची ती सकाळ तिनं रडत रडत सांगून टाकली.

अपशकुनाचा शब्द दुर्गाबाईंच्या ओठांवर आलाच नाही. त्या उठून पायथ्याशी गेल्या. सुनेच्या बोटांभोवती जुन्या जखमांची पांढुरकी कडी होती. एवढी वर्षं ज्या पायांकडे बोट दाखवलं, त्यांच्याकडे त्यांनी डोळे भरून आज पहिल्यांदाच पाहिलं होतं.

"काहून बोलली नाई वं, पोरी?"

"तुमी आशाबाईले बोलल्या असत्या, आत्याबाई."

"बोललीच असती," दुर्गाबाई म्हणाल्या, आणि सुनेच्या पायाच्या बोटांशी कपाळ टेकवून हुंदक्यांनी गदगदत राहिल्या.

नवी पट्टी बसली आणि अंगानं ती निमूट सोसली. जमुना काठीच्या आधारानं उभी राहू लागली, त्या आठवड्यात दुर्गाबाई सोनाराकडून आल्या. तोड्याच्या त्या तुकड्याची जोडवी त्यांनी घडवून आणली होती. जमुनेनं पाय पुढं केला.

"थांब," त्या म्हणाल्या. "सोनारानं त्यात काय घातलं, मले काय मालूम? पाठ कर इकडं."

आणि नर्सबाईंकडून मागून आणलेल्या चिकटपट्टीनं त्यांनी ती जोडवी सुनेच्या पाठीवर, आता फिकट झालेल्या त्या चौकोनाशेजारी, हलक्या हातानं चिकटवली.

"दोन दिस पाहू," दुर्गाबाई म्हणाल्या. "मंग मी सोता तुया पायांत घालीन."