वीतभर उसवलेलं

ये, बस. गोधडी कुठं पळून जात नाही. वीज गेलीय, अंधारात जिना उतरून तरी काय करणार तू? तो दिवा जरा इकडे सरकव, म्हणजे मला बोलता बोलता हिच्यावरून हात फिरवता येईल. वरचे तुकडे मनासारखे जुळलेत. आत तू दिलेला निळा कपडाच घातलाय. मऊ आहे अगदी, तुझ्या बाळाला टोचायचा नाही. पण नेण्याआधी मास्तरणीची गोष्ट ऐकून जा.

हे काम आम्हाला तिनंच शिकवलं. शाळेत ती कधी शिकवायला नव्हती, पण स्वभाव छडी घेऊन फिरणारा, म्हणून मास्तरीण. सायकलच्या दुकानावर तिची खोली होती. दुपारची कामं उरकली की मी आणि नर्स तिथं जाऊन बसायचो. नर्स म्हणजे माझी मैत्रीण, तू जिन्यात बघतेस तीच. माणसांची ड्रेसिंगं करताना कधी डगमगली नाही, पण मास्तरणीसमोर तिला सुईत दोरासुद्धा ओवता यायचा नाही. माझे टाके तर कोंबडी नाचून गेल्यासारखे. "हे काय घातलंयस? आण इकडे," एवढंच म्हणायची ती, नि स्वतःच उसवायला घ्यायची. उसवलेला दोरा टाकायची नाही, काडेपेटीच्या काडीवर गुंडाळून ठेवायची. नियम दोनच. सुया मोजून उशीला टोचल्याशिवाय उठायचं नाही. आणि उगाच उसवायचं नाही, कारण असेल तरच.

शेवटची गोधडी ती लेकीच्या बाळासाठी शिवत होती. लेक पोटुशी, सासर लांब, आईशिवाय हक्काचं माणूस नाही. आणि शिवता शिवताच मास्तरणीच्या छातीत कळ आली. आम्ही तिला तशीच उचलून दवाखान्यात नेली. ती परत आली नाही.

काही दिवसांनी लेक माझ्याकडे आली. डोळे सुजलेले. "मावशी, तेवढी गोधडी पुरी कराल? बाळाला आजीचं दुसरं काय मिळणार?" आम्ही शब्द दिला. न देऊन कसं चालेल? माणूस गेलं म्हणून मैत्रीण जाते होय!

खोलीची किल्ली माझ्याकडे आली. मास्तरणीनं अर्धवट सोडलेली धावदोऱ्याची ओळ पहिल्या दिवशी मी पुरी केली. दुसऱ्या दिवशी जाऊन बघते, तर ती ओळ वीतभर उसवलेली. शेजारी काडी, काडीवर गुंडाळलेला दोरा.

मी नर्सकडे बघितलं. "माझे टाके आवडले नाहीत तर तोंडावर सांगायचं. चोरून उसवायचं कशाला?"

"मला दुसरे उद्योग नाहीत का? किल्ली तुझ्याकडे, नि चोर मी?"

खरंच की. त्या दिवशी ती ओळ नर्सनं घातली, अगदी नेटकी, आणि किल्ली तीच घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी बघतो तर पुन्हा वीतभर. पुन्हा काडी.

मग मात्र कुणी कुणाला बोल लावला नाही. तिसऱ्यांदा ओळ घालून आम्ही तिथंच थांबलो. संध्याकाळ उतरत होती. खालच्या दुकानाचं शटर धाडकन खाली आलं, आणि सगळं गप्प झालं. मास्तरीण दुखऱ्या बोटांना मलम चोळायची, त्याचा वास यायला लागला. आधी वाटलं भास असेल. मग तो दाट होत गेला. दिवा लावावा म्हणून मी उठणार, एवढ्यात...

टच्.

"ऐकलंस?" नर्स पुटपुटली.

"हं..."

टच्... टच्...

गोधडी आमच्या दोघींच्या मध्ये पसरलेली होती. कुणाचा हात तिला लागलेला नव्हता. आणि शेवटचा टाका आपोआप वर उचलला गेला. दोरा सरकन बाहेर आला. मग त्याच्या आधीचा टाका. मग त्याच्या आधीचा. नर्स एवढी धीट बाई, तिनं माझं मनगट असं धरलं की वळ उठले. पण तुला खरं सांगते, मला भीतीपेक्षा रडूच जास्त आलं. किती जपून उसवत होती गं ती! कापडाला ओरखडासुद्धा नको म्हणून...

"काय चुकलं गं आमचं?" मी कसंबसं विचारलं. "सांग ना..."

आवाज थांबला.

नर्सनं उसवलेल्या जागेतून हळूच बोटं आत घातली. थरांमधून चाचपत गेली, आणि "आई गं!" म्हणून हात मागे घेतला. बोटावर रक्ताचा थेंब. आत सुई होती. दोरा ओवलेली, चांगली लांब, टोक वर करून बसलेली. मास्तरणीच्याच हातून निसटलेली. त्या दिवशी उठताना सुया मोजायला तिला सवड कुठं मिळाली होती? त्या सुईवर तान्हं बाळ निजलं असतं.

आम्ही दोघी पोटभर रडलो. ओळ पुन्हा घातली, ती टिकली. ते पोर आता शाळेत जातं, पण झोपताना अजून तीच गोधडी लागते त्याला.

आता तू म्हणशील, मावशीनं हे सगळं आजच का काढलं.

तुझी गोधडी काल संध्याकाळी पुरी झाली. नर्स समोर होती. सुया मी मोजल्या, तिनं मोजल्या, सगळ्या उशीवर होत्या. आणि आज सकाळी... हे बघ, इथं. वीतभर. आणि ही काडी. माझ्या घरात कधीपासून काडेपेटी नाही, मी लायटर वापरते.

सकाळपासून चाचपतेय. लोहचुंबक फिरवला, आत हात घालून कोपरा न् कोपरा बघितला. सुई नाही, टाचणी नाही, काही म्हणजे काही नाही. पण ती उगाच उसवत नाही गं.

रागावू नकोस. आजच्या दिवस पोराला दुसऱ्या कशात तरी गुंडाळ. आणि एवढं सांग मला... उसवलंय तिथून बरोबर तुझा तो निळा कपडा दिसतोय. तो कुणाचा होता?